अण्णांची तुरटी

५ ऑगस्ट, सोम.

दुकान बंद. उज्वलाला घेऊन पिंपरीला दवाखान्यात. चौथा महिना लागलाय. मागच्या आठवड्यात रक्त घेतलं होतं, त्याचे रिपोर्ट आज. मला वाटलं, रक्त कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा म्हणतील आणि सोडतील. डॉक्टरबाईंनी उठून दार लावून घेतलं. 

कावीळ ब. रक्तातून पसरणारी. उ. ठणठणीत आहे, डोळे पांढरेशुभ्र, जेवण व्यवस्थित, तरी आहे. वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहते म्हणे. बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकते. पण उपाय आहे, हे बाई दोनदा म्हणाल्या. जन्मल्यावर बारा तासांच्या आत बाळाला दोन इंजेक्शनं.

माझंही रक्त घेतलं.

येताना भोसरीत बस बदलली. मोशीपर्यंत उ. खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाळाला काही होणार नाही ना?" मी नाही म्हणालो. मला काय माहीत.

ही डायरी तिनेच काढून दिली. विमा एजंटने दिलेली, जानेवारीपासून कोरी. म्हणते, दुकानात दिवसभर तोंड चालतं आणि घरी आलं की कुलूप. बोलवत नसेल तर लिहा तरी.

९ ऑगस्ट, शुक्र.

माझाही रिपोर्ट तसाच निघाला.

स्कूटरवर एकटाच गेलो होतो. बाईंनी धंदा विचारला. सांगितलं, चाकणला सलून आहे. दोन खुर्च्या. एक माझी, दुसरी वडील, म्हणजे अण्णा, गावाकडून आले की त्यांची. बाईंच्या डाव्या भुवईत एक केस पांढरा आहे, तिकडे बघत बोलत होतो. लोकांच्या डोळ्यांपेक्षा मला भुवया सोप्या जातात.

"ब्लेड?"

छाती पुढे काढून सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. त्याच्यासमोर कागद फाडतो, पातं मोडतो, अर्धं वस्तऱ्यात घालतो आणि त्याला दाखवतो. तेरा वर्षांत एकदाही चुकलो नाही.

"छान. आणि कापलं तर?"

"तुरटी."

"कुणाची?"

मला प्रश्नच कळेना. तुरटी कुणाची असणार, दुकानाची. मग कळला. 

ती तुरटी अण्णांची. लातूरहून निघालो तेव्हा त्यांनी हत्यारांच्या धोकटीतून काढली, मधोमध फोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतःला ठेवली. आशीर्वाद वगैरे म्हणाले नाहीत, एवढंच म्हणाले की घे, हात चांगला ठेव. तेव्हा साबणाच्या वडीएवढी होती. आता झिजून मधे खोलगट झालीय. सकाळी दुकान उघडलं की आधी माझ्या गालावरून फिरते, मग दिवसभर येईल त्याच्या. बाई म्हणाल्या, वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर जगतो, आणि डोळ्याला दिसणार नाही इतकं रक्त पुरतं. तुरटीने रक्त थांबतं, तो मरत नाही.

तुरटीमुळेच झालं असंही नाही म्हणाल्या. लहानपणी आईकडून, गावाकडे एका सुईने दहा जणांना टोचायचे त्यातून, कुठूनही. तुमच्याकडून बायकोला की बायकोकडून तुम्हाला, हेही सांगता येणार नाही, शोधत बसू नका.

शोधू नका म्हणणं सोपं आहे. परतीच्या वाटेवर आई आठवली. शेवटी पोट फुगलं होतं, डोळे हळदीसारखे. करणी केली म्हणाले होते गावात.

११ ऑगस्ट, रवि.

दुकानात गर्दी. हात चालत होता, डोकं नाही.

उ.ने स्वतःचं ताट-वाटी वेगळी मांडलीय, ओट्याच्या कोपऱ्यात. पेला वेगळा, त्याला दोरा बांधलाय.  जेवायला बसलो तेव्हा तिच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली, तिच्याच वाटीत बुडवून खाल्ली. ती बघत राहिली. मग म्हणाली, माझी भाकरी परत द्या. रडत होती आणि हसतही होती.

जेवणातून, पाण्यातून, मिठी मारल्याने काही होत नाही. बाईंनी कागदावर लिहून दिलंय. ज्याला रक्त लागू शकतं तेवढंच वेगळं. ब्रश, नेलकटर, वस्तरा. कागद फ्रिजच्या दारावर लावला, पण आतल्या बाजूने. आल्यागेल्याला दिसायला नको.

१२ ऑगस्ट, सोम.

दिवसभर दुकान धुतलं.

वापरलेली पाती मी आरशाखालच्या फळीच्या फटीत खोचायचो. सगळे तेच करतात. फट भरली की कागदात गुंडाळून कचऱ्यात. आज ती उपसताना घंटागाडीवर येणाऱ्या बाई आठवल्या. त्यांच्या बोटाला कायम चिंधी असते. कितीदा विचारलंय, काय झालं मावशी, आणि त्यांनी सांगितलंय, लागलं काहीतरी कचऱ्यात. आणि मी हळहळून पुढची दाढी करायला वळलोय.

आता तेलाचा जाड कॅन घेतलाय. झाकणाला चीर पाडली, पातं आत पडलं की परत बाहेर येत नाही. भरला की दवाखान्यात द्यायचा, डॉक्टरबाई घेणार म्हणाल्या. तुरटीची पूड केली. कापसाचा बोळा ओला करायचा, पुडीत टेकवायचा, लावायचा, फेकायचा. दुसऱ्यांदा पुडीत बुडवायचा नाही. निळे हातमोजे, माणूस बदलला की जोड बदलायचा.

अण्णांची तुरटी टाकवली नाही. कागदात बांधून गल्ल्याखालच्या खणात ठेवली. तिथे कुणी हात घालत नाही.

१४ ऑगस्ट

कंपनीच्या प्रेसशॉपमधली पोरं फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आली. "काय राव, दाढी करतोय का ऑपरेशन?" म्हटलं, तुझ्या गालाचं ऑपरेशनच करावं लागेल, एवढे फोड. हसली. एकजण मात्र मोज्यांकडे बघून म्हणाला, आमच्याकडे कटप्रूफ मोज्यांची एकच जोडी तिन्ही शिफ्टला फिरते, आत रक्त वाळलेलं असतं कधीकधी. मी वस्तरा खाली ठेवला आणि त्याला सांगत बसलो. एवढं शहाण्यासारखं बोलताना स्वतःचीच लाज वाटली. महिन्यापूर्वी मला काय माहीत होतं?

मोज्यांत त्वचा कळत नाही. बोटांना केसाची दिशा समजायची, ती समजत नाही. डोळे बांधून स्वयंपाक करायला लावल्यासारखं वाटतं.

८ सप्टें., रवि.

अण्णा गणपतीला आलेत. आल्या आल्या हाताकडे बघितलं. "आरं, हे काय घातलास? लोकाला हात लावायची घाण येती का तुला?" सांगितलं, नवीन नियम आहे. खोटं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. उ.चं पोट बघून किती खूश झालेत, कसं सांगू.

दुपारी तात्या आले. गाळा त्यांचा, दुकान टाकलं त्या दिवशीची पहिली दाढीही त्यांचीच, तेव्हापासून एक दिवसाआड येतात. हनुवटीवर मस आहे, तिथे नेहमी जरासं लागतं. आज अण्णा म्हणाले, यांची मी करतो. केली. मसाजवळ रक्ताचा थेंब आला. मी तुरटीची पूड घेऊन येईपर्यंत अण्णांनी कमरेची पिशवी सोडली, आपली अर्धी तुरटी काढली आणि तात्यांच्या हनुवटीवर टेकवणार तोच मी त्यांचा हात धरला. जोरात धरला. सगळ्यांसमोर.

 अण्णांनी तुरटी परत पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ बांधली, बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. मी आयुष्यात त्यांचा हात धरला नव्हता.

९ सप्टें., सोम.

अण्णा सकाळच्या एसटीने गेले. गौरींपर्यंत थांबणार होते. उ.ने डबा दिला तो घेतला, माझ्याशी बोलले नाहीत.

उ. म्हणाली, सांगायचं होतं ना त्यांना. मी म्हटलं, काय सांगू, तुमची तुरटी विषारी आहे? ती म्हणाली, नाही, तुम्हाला काय झालंय ते सांगायचं. तेवढंच.

१० सप्टें.

तात्यांना मात्र आज सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं, ज्यांना नेहमी लागतं, नेहमी तुरटी लावली जाते, त्यांना तपासून घ्यायला सांगा. सगळ्यांना सांगणं झेपणार नाही. तात्यांपासून सुरुवात.

चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. दोन झाली. तिसरं अडलं. गाळा जाईल, चार लोकांत बभ्रा होईल, हे डोक्यात होतंच. पण त्यापेक्षा, ज्या माणसाच्या गळ्यावर मी तेरा वर्षं पातं फिरवलंय आणि ज्याने तेव्हा डोळे मिटून घेतलेत, त्याला हे सांगायचं होतं.

तात्या बराच वेळ मसावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "व्हय, तपासून घेतो. पन तू दुकान बंद न्हाई ना करनार? मला दुसऱ्याकडं मान देववत न्हाई."

घरी येऊन उ.ला सांगितलं. तिने दिवेलागणीला दिवा लावला, मग बराच वेळ हात जोडून बसली. मीही बसलो तिच्याशेजारी. देवाचं आणि माझं तसं फार नाही.

१६ सप्टें.

तात्यांचा रिपोर्ट चांगला. काही नाही. आता तीन डोस घेणार, पहिला घेतलाही. दंड दाखवत होते सगळ्यांना, कुस्ती मारून आल्यासारखे. "आमी लस घेतली, तुमी घेतली का?" दुकानातल्या दोघांनी लसीचं नाव विचारून घेतलं. तात्यांनी माझं नाव काढलं नाही. नजरसुद्धा वळवली नाही माझ्याकडे.

आणखी सात जणांना सांगायचंय. यादी केलीय, पण नावांनी नाही, हनुवट्यांनी.

२८ ऑक्टो., सोम.

सातवा संपत आला. उ.च्या रक्तात विषाणूचं प्रमाण जास्त आहे म्हणून आजपासून रोज एक गोळी, बाळाला धोका कमी व्हावा म्हणून. मला गोळी नको, सहा महिन्यांनी तपासायचं.

ती गोळी तळहातावर घेऊन पोटाशी बोलते. ऐकलं मी. "हे तुझ्यासाठी हं, मला काही झालेलं नाही."

३० ऑक्टो.

दिवाळीची गर्दी. सकाळपासून बसलो नाही. दुपारी पातं मोडताना बोटाला लागलं, मोजा फाटून आत. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीवर. एरवी बोट तोंडात घालून पुढे चाललो असतो. आज थांबलो. साबणाने धुतलं, पट्टी लावली, वर दोन मोजे, ते पातं कॅनमध्ये, नवं काढलं. सात-आठ मिनिटं गेली. रांगेतला एकजण उठून गेला. जाऊ दे. खुर्चीतल्या माणसाला कळलंही नाही की हे त्याच्यासाठी होतं.

१६ डिसें., सोम.

बाईंनी चिठ्ठी दिली. दोन इंजेक्शनांपैकी लस दवाखान्यात असते. दुसरं, बाळाला रोगाशी लढायची तयार ताकद देणारं, ते आपण आणायचं, बर्फात ठेवायचं. कुठेही मिळत नाही. निगडीला एका मेडिकलवाल्याकडे नाव लिहून आलो, दहा तारखेपर्यंत मागवून ठेवतो म्हणाला. तारीख सतरा जानेवारीची आहे. भरपूर वेळ आहे.

उ. म्हणाली, अण्णांना बोलवा. मी म्हटलं, येणार नाहीत. तिने स्वतःच फोन लावला आणि खोलीत जाऊन दार लावून बोलली. बाहेर आल्यावर म्हणाली, सगळं सांगितलं. काय म्हणाले? फक्त विचारलं, तुला त्रास होतो का पोरी.

३० डिसें., सोम.

मुलगी. सकाळी दहा पन्नासला.

अठरा दिवस आधी! इंजेक्शन आलेलं नाही. निगडीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला उद्या. उद्या नाही चालत. बारा तास. दहा पन्नासला बाळ रडलं आणि माझ्या डोक्यात घड्याळ सुरू झालं. लस लगेच टोचली. दुसरं राहिलं.

किती ठिकाणी फोन केले ते मोजलं नाही. पिंपरीत नाही, चिंचवडला नाही. दोन वाजता निगडीवाल्याचाच फोन, पुण्यातून एक मिळतंय, माणूस घेऊन निघालाय, साडेचारला दुकानात येईल. बर्फाचा डबा घेऊन या.

अण्णा शनिवारीच आलेत. तोपर्यंत माझ्याशी चार शब्द बोलले असतील. स्कूटर काढली तर मागे येऊन बसले. विचारलं नाही, सांगितलं नाही. येताना डबा त्यांच्या मांडीवर. आकुर्डीला सगळं अडकलेलं, कंपन्यांच्या बस, रिक्षा, आणि मी हॉर्न वाजवतोय, कुणी हलत नाही. मागून अण्णा म्हणाले, "सावकाश चालीव. मी धरलाव." आरशात बघितलं तर दोन्ही हातांनी डबा छातीशी धरला होता, वर उपरणं पांघरलेलं. ऊन लागू नये म्हणून.

सहा पंचवीसला टोचलं. सात तास पस्तीस मिनिटं. नर्सबाईंना वेळ कागदावर लिहायला लावली, मी स्वतः वाचली.

बाळ रडलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

३१ डिसें.

डोक्यावर दोन भोवरे. दोन लग्नं होणार म्हणून उ.चा भाऊ चिडवतोय. मी म्हटलं, पहिलं डोकं भादरायचं तर होऊ दे. एवढे दाट केस जन्मतः बघितले नव्हते मी.

अंगावर पाजायचं का, याची उ.ला धास्ती होती. विचारलं नव्हतं कुणाला, रात्रभर छाती भरून ठणकत होती. बाई आल्या आणि म्हणाल्या, पाज, काही होत नाही. तिने जे घेतलंय पोरीला कुशीत, दुपार झाली तरी सोडलेलं नाही.

खात्री कधी? सगळे डोस झाल्यावर, नऊ महिने उलटले की पोरीचं रक्त तपासायचं. तोपर्यंत वाट बघायची.

१० फेब्रु., सोम.

बारसं झालं. ईश्वरी. दीड महिन्याचा डोस आज. मांडीत टोचलं, ती एकदा ओरडली आणि मी दोनदा.

तिची नखं वाढलीत, गाल ओरबाडते. उ. म्हणते, तुम्ही काढा, तुमचा हात हलका. मी नाही काढली. तिला नवीन नेलकटर आणलं, तिचं एकटीचं, पण काढली उ.नेच. तेरा वर्षं लोकांच्या गळ्याशी पातं धरतो आणि एका बोटभर पोरीच्या नखाला हात लावायला घाबरतो. माझ्या बोटाला कुठे बारीक चीर असली तर? रोज सकाळी दिव्याखाली दहाही बोटं बघतो. तिने लस घेतलीय, बाई म्हणतात घाबरू नका. घाबरतो.

१४ जून

अण्णांचा फोन. एरवी फोन करत नाहीत. ईश्वरी पालथी पडते का, दात आले का, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, ती रक्ताची तपासणी काय म्हनतेत, त्याचं नाव इंग्रजीत लिहून मोबाईलवर धाड. गावात कुणालातरी पाहिजे असेल. पाठवलं.

आनंद झाला. न का बोलेनात, दुसऱ्याला सांगतायत म्हणजे पटलंय.

२४ नोव्हें., सोम.

ईश्वरीचं रक्त दिलं. अकरावा महिना. हातावर शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. उ. बाहेर गेली. मी धरून बसलो होतो, पोरगी माझ्याकडे बघत होती, तू काय करतोयस असं. नऊ महिन्यांनाच द्यायचं होतं, आधी तिला ताप, मग मला कामं, मग खरं सांगायचं तर हिंमत. निकाल नाही तोवर आशा तरी असते.

एक आठवडा लागेल. मोबाईलवर येईल.

जावळ तीस तारखेला ठरलंय. लॅबचं ठरायच्या आधीच ठरलं होतं.

२९ नोव्हें., शनि.

अण्णा आले. धोकटी घेऊन. बारीक झालेत.

जावळ कोण काढणार यावरून जेवताना झालं. उ. म्हणाली, बाप न्हावी, आजोबा न्हावी, आणि पोरीला बाहेरचा माणूस आणायचा का? मी म्हटलं, मी नाही काढणार. माझा हात थरथरतो तिच्यापाशी. मशीन फिरवतो वाटल्यास. ती म्हणाली, पहिल्या केसांना मशीन? अण्णा भाकरी कुस्करत होते. म्हणाले, मी काढीन.  मोजे घालणार नाहीत, धोकटीतलं जुनं काढतील, आणि मला पुन्हा त्यांचा हात धरावा लागेल. उद्याचं उद्या.

३० नोव्हें., रवि.

रविवारी सकाळी शटर अर्धं खाली, हे दुकान टाकल्यापासून पहिल्यांदा. आत घरचेच. उ.चा भाऊ खुर्चीत, मांडीवर ईश्वरी, तिच्याभोवती नवं कापड. दुसऱ्या खुर्चीत तात्या, आमंत्रण नसताना.

अण्णांनी धोकटी उघडली. वस्तरा, कात्री, कंगवा, नखं काढायची नराणी. तुरटीच्या कप्प्यात काहीच नाही. मी बघत होतो ते त्यांनी बघितलं. "पुरली," म्हणाले. "बांधाच्या कडंला, खोल. तुझीबी दे, नेतो." गल्ल्याखालचा खण उघडला, कागदात बांधलेली तुरटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी न उघडता खिशात ठेवली.

मग दोन्ही हात माझ्यापुढे केले. "मोजे दे."

मला वाटलं, माझं मन राखतायत. दिला जोड. "आनिक एक दे. दुहेरी घाल." आणि मग माझ्या कानाशी येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं: "मलाबी हाय, बालाजी. जूनमदी तपासलं. तू नाव धाडलास की." थोडं थांबून, "तुझ्या आईलाबी तेच आसंल."

 ते माझ्याकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. पुढे धरलेले तसेच. मला त्या क्षणी काय काय वाटलं ते इथे लिहिता येत नाही, पण राग नव्हता. रागाचा एक कणही नव्हता. एवढंच वाटलं की सहा महिने हा माणूस गावात एकटा हे घेऊन बसला होता, आणि मी फोनवर दात आले, दात आले करत होतो.

"तुमच्यामुळे नाही, अण्णा," म्हणालो. "कुणाकडून कुणाला, ते शोधायचं नसतं. बाईंनी सांगितलंय."

"व्हय," म्हणाले. पटलं नाही त्यांना. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

त्यांची बोटं वाकडी झालीत, मोजा जाईना. मी फुंकर मारून मोजा फुगवला, एकेक बोट धरून आत घातलं. मला वस्तरा धरायला शिकवला तेव्हा त्यांनी माझी बोटं अशीच एकेक करून बसवली होती. दहा बोटं, दोनदा. ईश्वरीला निळे हात बघून गंमत वाटली, ते धरायला झेपावत होती.

पात्याचा कागद अण्णांनी फाडला. आधी मला दाखवला, मग तात्यांना, मग पोरीलासुद्धा. नवं आहे, बघ.

काय हात आहे! मोज्यातून, दुहेरी मोज्यातून. मानेपासून वर, कानामागून, केसांची दिशा बघत, पोरगी हलली की हात आधीच थांबलेला असायचा. मी कापसाचा बोळा आणि पुडीची डबी घेऊन बाजूला उभा होतो. ती उघडावी लागली नाही. दोन्ही भोवरे वर आले, एकमेकांना लागून.

शेवटची बट राहिली होती तेव्हा उ.च्या हातातल्या मोबाईलवर मेसेज वाजला. तिने नाव बघितलं. लॅब. रिपोर्ट उद्या येणार होता. सगळ्यांना कळलं, कारण तिचा चेहरा कुणालाही वाचता येतो. अण्णांचा हात थांबला.

उ.ने मोबाईल पालथा करून आरशाखाली ठेवला. "आधी डोकं होऊ दे, अण्णा."

त्यांनी शेवटची बट काढली. गोटा गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मोजे उलटे करून काढले, मी शिकवलं तसे, आणि स्वतः जाऊन पातं कॅनमध्ये टाकलं.

आता संध्याकाळ. भाऊ गेला, तात्या पुरणपोळ्या बांधून घेऊन गेले. अण्णा आतल्या खोलीत झोपलेत, शेजारी ईश्वरी, तिचा हात त्यांच्या मिशीत. सोडवायला गेलो नाही, तिथे काही होत नाही. उद्या सोमवार. अण्णांना बाईंकडे न्यायचं, सोडायचं नाही आता.

मोबाईल अजून पालथाच आहे, ओट्यावर. दोघांनी मिळून बघायचं ठरलंय. उ. हात पुसत हाक मारतेय.

जातो.